नैनीतालचा रोपवे: तळं आणि हिमालय दोन्ही नीट बघायचे तर

मल्लीतालहून स्नो व्ह्यूला जाणारा नैनीतालचा रोपवे जेमतेम तीन मिनिटांचा आहे. त्या तीन मिनिटांसाठी मे महिन्यात लोक दोन-दोन तास रांगेत उभे राहतात, दुपारी वर पोहोचतात, उत्तरेला नुसती पांढुरकी धूसर हवा बघतात आणि ‘वर काही नाही’ असं सांगत खाली येतात. वर सगळं असतं. चुकलेला असतो तो महिना, नाहीतर दिवसाची वेळ, नाहीतर ट्रॉलीतली उभं राहायची बाजू. पुष्कळदा तिन्ही एकदम चुकतात. म्हणून इथे तयारीपासून परतीपर्यंतचा क्रम दिला आहे, तो उलटसुलट करू नका.

## आधी जागा समजून घ्या

नैनीतालचं तळं वायव्येकडून आग्नेयेकडे लांबट पसरलेलं आहे. वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल, आणि दोन्ही जोडणारा मॉल रोड. या रस्त्याच्या डोक्यावर जी डोंगराची धार उठते ती शेर का डांडा. तिच्यावरच २,२७० मीटर उंचीवर स्नो व्ह्यू आहे. तळ्याची पातळी साधारण १,९३८ मीटर, म्हणजे वर गेल्यावर तुम्ही पाण्यापासून तीनशेहून जास्त मीटर उंच असता.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ही धार मध्ये असल्यामुळे गावातून हिमशिखरं दिसतच नाहीत. खाली उभं राहून ‘आज हिमालय दिसतोय का’ हे कळत नाही. दुसरी, वर गेल्यावर तळं दक्षिणेला आणि हिमालय उत्तरेला, म्हणजे दोन देखावे एकमेकांकडे पाठ करून आहेत. एकाच कठड्याशी उभं राहून दोन्ही दिसतील अशी अपेक्षा ठेवलेली माणसं निम्मं बघून परततात.

## १. महिना निवडा

आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांची सुट्टी मे महिन्यात असते, आणि या रोपवेसाठी नेमका तोच महिना सगळ्यांत कच्चा. एप्रिलपासून मैदानातली धूळ वर चढते, कुमाऊंच्या जंगलांत वणवे लागतात आणि धुराचा पडदा पसरतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनीतालजवळचा वणवा विझवायला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालच्या तळ्यातून पाणी उचललं होतं. अशा दिवसांत तळं दिसतं, पण शंभर किलोमीटर पलीकडची शिखरं दिसत नाहीत.

जूनअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस आणि ढग. दरडी कोसळून घाटरस्ते बंद पडतात ते वेगळंच.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा खरा हंगाम. पावसाने हवा धुतलेली असते आणि ढग कमी असतात. दिवाळीची सुट्टी यातच येते, म्हणून शाळेच्या वेळापत्रकात बांधलेल्यांनी मेऐवजी दिवाळीचा विचार करावा. गर्दी तेव्हाही असते, पण रांगेत उभं राहिल्याचं चीज होतं. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी कडक असते, पाऊस किंवा बर्फही पडतो. तो थांबून आकाश मोकळं झालं की पुढचे एक-दोन दिवस सगळ्यांत स्वच्छ असतात. तेव्हा जे दिसतं ते ऑक्टोबरातही दिसत नाही.

मेमध्येच जाणं भाग असेल तर: तळ्याच्या देखाव्यासाठी जा, हिमालय दिसला तर नशीब समजा, आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. आदल्या रात्री वळवासारखा जोरदार पाऊस झाला असेल तर मात्र दुसऱ्या सकाळी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी रोपवे गाठा.

## २. सहलीतला दिवस ठरवा

रोपवे पोहोचण्याच्या दिवशी ठेवू नका. काठगोदामला रेल्वेने उतरून टॅक्सीने वर यायला सुमारे ३५ किलोमीटरचा घाट आहे. डिसेंबर-जानेवारीत मैदानी भागात दाट धुकं असतं आणि गाड्या कित्येक तास उशिरा येतात. सकाळी पोहोचण्याचा बेत दुपारवर गेला की रोपवे घाईघाईत उरकला जातो.

टॅक्सीवाले आणि टूरवाले रोपवे हमखास दुपारी टाकतात, कारण सकाळी भीमताल, सातताल, नौकुचियाताल अशी फेरी करणं त्यांना सोयीचं असतं. हा क्रम उलटवून घ्या. तळी दुपारीही तळीच राहतात, पण उत्तरेची शिखरं सकाळी उशिरानंतर ढगांत शिरायला लागतात. दरीतली हवा तापून वर चढते आणि शिखरांभोवती ढग जमतात. पहाटे लख्ख दिसणारी रांग साडेअकरापर्यंत अर्धी झाकलेली असू शकते.

म्हणून मुक्काम किमान दोन रात्रींचा असावा आणि रोपवे दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांत आधी. आकाश खराब निघालं तर तिसऱ्या दिवसाची सकाळ हाताशी राहते. मुक्काम मल्लीतालच्या बाजूला असेल तर रोपवेचं स्टेशन चालत गाठता येतं. तल्लीतालला उतरलात तर आधी मॉल रोड पूर्ण पार करावा लागतो. दीड किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, चाल सपाट आहे आणि रिक्षाही मिळते.

## ३. आदल्या संध्याकाळी करायची कामं

मॉल रोडवर फिरायला जालच, तेव्हा वाट थोडी वाकडी करून रोपवेच्या तिकीट खिडकीशी या. स्टेशन मॉल रोडच्या मल्लीतालकडच्या टोकाला, थोड्या चढावर आहे. फलक वाचा आणि खिडकीवर एवढं विचारा:

- उद्या पहिली फेरी किती वाजता? उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची वेळ वेगळी असते.
- उद्या चालू आहे ना? देखभालीसाठी रोपवे अधूनमधून काही दिवस बंद ठेवतात.
- वर किती वेळ थांबता येतं? तिकीट जाता-येताचं असतं आणि वर साधारण तासभर मिळतो, पण गर्दीत यावर जास्त काटेकोर असतात.
- तिकीट किती, आणि लहान मुलांचं अर्धं तिकीट कुठपर्यंत?

हा रोपवे कुमाऊं मंडल विकास निगम हे सरकारी पर्यटन महामंडळ चालवतं. तिकीट खिडकीवरच घ्या, ‘रांगेशिवाय वर पाठवतो’ म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

तपासून पाहा: स्वतःच्या गाडीने आला असाल तर ती हॉटेलवरच राहू द्या. हंगामात बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर अडवून पुढे शटलने पाठवतात. गाडी घेऊन बाहेर पडलात तर परत आत येण्यातच सकाळ जाईल.

## ४. सोबत काय घ्यायचं

थोडंच. ट्रॉलीत जागा मोजकी असते आणि मोठी पिशवी असली की काचेशी उभं राहता येत नाही.

वरच्या धारेवर वारा खालच्यापेक्षा बोचरा असतो. मॉल रोडवर उन्हात स्वेटर काढावासा वाटला तरी वर तो लागतोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट घ्या. पायांत पकड असलेले बूट हवेत, कारण सकाळी दव आणि हिवाळ्यात गोठलेल्या दवाचा पातळ थर पायऱ्यांवर असतो. दुर्बीण असेल तर नक्की घ्या. वर दुर्बिणीतून शिखरं दाखवणारे असतात, पण ते एकेकाला थोडाच वेळ देतात. सुट्टे पैसे आणि पाण्याची बाटली पुरे.

खाण्याचे पदार्थ हातात धरून फिरू नका, माकडं सरळ झडप घालतात.

## ५. तिकीट आणि रांग

इथे थोडं गणित समजून घ्या, म्हणजे थांबायचं की नाही ते स्वतःच ठरवता येईल.

या रोपवेला दोनच ट्रॉल्या आहेत. दोन्ही एकाच ओढदोराला बांधलेल्या असल्यामुळे एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, आणि एक थांबली की दुसरीही थांबते. एका ट्रॉलीत चालकासह बाराच्या आसपास माणसं मावतात. प्रवास सुमारे तीन मिनिटांचा, चढ-उतार आणि दार लावणं यांत आणखी दोन-तीन मिनिटं. म्हणजे तासाला दहा-अकरा फेऱ्या आणि फार तर सव्वाशे माणसं वर. गुलमर्गसारखी एकामागून एक ट्रॉल्या येणारी ही व्यवस्था नाही, त्यामुळे रांग पटकन सरकेल ही आशा ठेवू नका.

पुढे साठ माणसं असतील तर अर्धा तास. अडीचशे असतील तर दोन तास. आणि जे वर गेले ते सगळे खालीही येणार, म्हणून परतीलाही तेवढीच रांग लागते. हा दुसरा भाग बहुतेकांच्या हिशेबात नसतो.

क्रम असा ठेवा:

१. पहिल्या फेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. ऐन हंगामात त्याहून आधी.
२. एकाने रांग धरायची. बाकीच्यांनी चहा, नाश्ता, मुलांचं स्वच्छतागृह उरकून घ्यायचं.
३. तिकीट घेण्याआधी खिडकीवर विचारा: “ऊपर से हिमालय दिख रहा है?” वरच्या स्टेशनशी त्यांचं बोलणं चालू असतं. पहिल्या फेऱ्या होऊन गेल्या असतील तर उतरणाऱ्या लोकांनाही विचारा.
४. तिकीट हातात आल्यावर आपला नंबर साधारण कधी येईल ते विचारून घ्या, आणि तेवढ्या वेळात लांब जाऊ नका. परतीपर्यंत तिकीट जपून ठेवा.

सावधान: उत्तर ‘नहीं दिख रहा’ आलं आणि तुमच्याकडे दुसरी सकाळ असेल, तर तिथूनच परत फिरा. रांगेत एवढा वेळ गेला म्हणून वर जाणं हा या सहलीतला सगळ्यांत महाग निर्णय असतो.

## ६. ट्रॉलीत: उताराकडची काच धरा

जवळजवळ सगळे इथे चुकतात. ट्रॉली वर निघणार म्हणून लोक पुढच्या, म्हणजे चढाकडच्या काचेशी गर्दी करतात. त्या बाजूला तीन मिनिटं फक्त बांज-देवदाराची झाडं, घरांचे पत्रे आणि डोंगराचा उतार दिसतो. तळं असतं मागे. ट्रॉली जसजशी वर जाते तसतसं उताराकडच्या काचेतून आधी मल्लीतालचं मोठं मैदान, मग त्याच्या कडेचं नैना देवीचं मंदिर आणि मग तल्लीतालपर्यंतचं सगळं पाणी उलगडत जातं.

म्हणून जाताना मागची काच, येताना पुढची. दोन्ही वेळेला बाजू तीच, उताराकडची. मुलांना याच काचेशी आधी उभं करा.

फोटोसाठी:

- रुमालाने काच पुसा. बोटांचे आणि श्वासाचे डाग फोटोत पांढरट ढगासारखे उतरतात.
- फोन काचेला जवळजवळ टेकवा, फ्लॅश बंद करा. काच आणि फोन यांत फट राहिली की तुमच्याच स्वेटरचं प्रतिबिंब तळ्यावर पडतं.
- व्हिडिओ एकानेच काढावा. तीन मिनिटं सगळ्यांनी पडद्यात बघण्यात घालवू नयेत.

निघताना आणि स्टेशनात शिरताना ट्रॉली हलका हिसका घेते आणि झुलते, ते नेहमीचंच आहे. उंचीची भीती वाटणाऱ्याने मधोमध उभं राहावं, दांडी धरावी आणि थेट खाली न बघता लांब समोरच्या आयारपाट्टाच्या डोंगरावर नजर ठेवावी. ट्रॉली मध्येच थांबली तर बहुधा वीज गेलेली असते, किंवा दुसऱ्या टोकाला चढ-उताराचा खोळंबा झालेला असतो. दाराला हात लावू नका, एका बाजूला गोळा होऊ नका, चालक सांगेल तसं करा.

## ७. वर पोहोचल्यावर: आधी उत्तर, मग दक्षिण

वेळ तासाभराचा आहे, तो असा वापरा.

आधी हिमालय. ट्रॉलीतून उतरल्यावर खेळ, दुकानं आणि मॅगीच्या टपऱ्या लागतात. तिथे न थांबता सरळ उत्तरेकडच्या कठड्याशी जा. ढग येणार आहेत ते या बाजूला, तळं कुठे जात नाही.

शिखरं ओळखायला डावीकडून सुरुवात करा. नंदा घुंटी लहान, मग त्रिशूल (७,१२० मीटर). तीन टोकांची रुंद पांढरी भिंत, आणि नजरेला सगळ्यांत मोठी हीच वाटते. बरेच जण तिलाच नंदादेवी समजून फोटो काढतात. खरी नंदादेवी (७,८१६ मीटर) त्रिशूलच्या उजवीकडे, थोडी मागे आहे. ती टोकदार असून तिच्या कड्यावर बर्फ ठरत नाही तिथे काळपट खडक दिसतो. इथून त्रिशूल सुमारे १०५ किलोमीटर आणि नंदादेवी सुमारे १२० किलोमीटर, म्हणून जास्त उंच असलेली नंदादेवी डोळ्यांना बुटकी भासते. तिच्या उजवीकडे नंदा कोट (६,८६१ मीटर). हवा फारच स्वच्छ असेल तर आणखी उजवीकडे, ईशान्येला पंचचुलीची टोकं दिसतात.

एक बारकावा: शिखरं शोधताना नजर क्षितिजाच्या जरा वर ठेवा. जवळच्या निळ्या डोंगररांगांच्या मागे धुक्याचा एक पट्टा असतो आणि बर्फ त्या पट्ट्याच्या वर तरंगल्यासारखं दिसतं. खालीच शोधत राहिलं तर सापडत नाही, आणि कित्येकदा ढग समजून लोक बर्फच सोडून देतात. शंका आली तर दोन मिनिटं थांबा: ढगाची कड बदलते, बर्फाची बदलत नाही.

फोटो काढताना फोनच्या पडद्यावर बर्फाच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. नाहीतर पुढची झाडं नीट येतात आणि शिखरं पांढऱ्या आकाशात विरून जातात.

मग तळं. दहा-पंधरा मिनिटांनी दक्षिणेकडे या. सकाळी ऊन समोरच्या बाजूने, पाण्यावरून डोळ्यांवर येतं, त्यामुळे पाणी हिरवं न दिसता चंदेरी दिसतं. हिरवं तळं हवं असेल तर सूर्य फोटोच्या चौकटीबाहेर राहील असा कोन शोधा आणि झाडाच्या सावलीत उभं राहून फोटो काढा.

दुपारी उशिरा येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की पश्चिमेच्या डोंगराची सावली तळ्यावर सूर्यास्ताच्या बरीच आधी पडते. डिसेंबरात इथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने ‘पाच म्हणजे अजून ऊन’ असं धरून चालू नका.

शेवटी बाकीचं. छोटं देऊळ, चहा, मुलांचे खेळ. सगळं बघून झाल्यावर दहा मिनिटं उरली तर परत एकदा उत्तरेला डोकावून या, कधीकधी ढग बाजूला झालेले असतात.

तपासून पाहा: परतीची रांग किती झाली आहे यावर अधूनमधून नजर ठेवा. ती वाढायला लागली की तुमचा तास संपायची वाट न बघता तिच्यात उभे राहा.

## ८. परत येताना

उताराकडच्या काचेबद्दल वर सांगितलंच आहे. जाताना ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना आता द्या.

परतीची रांग तासाच्या पुढे गेली आणि सगळ्यांचे गुडघे ठीक असतील, तर चालत उतरा. स्नो व्ह्यूहून मल्लीतालपर्यंत सुमारे दोन किलोमीटरचा उतार आहे. वाटेत तिबेटी गोम्पा (बौद्ध मठ) लागतो, त्याच्या पताका दुरूनच दिसतात. निवांत चाललात तरी पाऊण तासात खाली पोहोचता. परतीच्या तिकिटाचे पैसे वाया जातील, पण दुपार हातात राहील. पाऊस पडत असेल, वाट गोठलेली असेल किंवा अंधार पडायला आला असेल तर ही वाट घेऊ नका.

नौकाविहार यानंतर ठेवा. अकरा-बाराला पाण्यावर ऊन चांगलं असतं आणि तोवर वरचे ढगही जमायला लागलेले असतात, त्यामुळे काही हुकत नाही.

## रोपवे बंद असला तर

जोराचा वारा, विजा किंवा दुरुस्ती यांपैकी काहीही असलं तर ट्रॉली थांबवतात. वाऱ्यासाठी थांबवली असेल तर तास-दीड तासाने पुन्हा विचारा. विजांसाठी असेल तर त्या दिवसाचा बेत सोडा, कारण उघड्या धारेवर तेव्हा उभं राहणंही बरं नाही.

दुरुस्तीसाठी बंद असेल आणि आकाश मोकळं असेल, तर स्नो व्ह्यूला टॅक्सीने किंवा चालत जाता येतं. चढ तीव्र आहे, चालत जाणाऱ्यांनी तासभर धरावा. फक्त शिखरंच बघायची असतील तर किलबरी रस्त्यावरचं हिमालय दर्शन हे ठिकाण गाडीने गाठता येतं, आणि तिथेही सकाळचीच वेळ धरा. देखावा बघायची आणखी एक जागा म्हणून टिफिन टॉपचं नाव जुन्या लेखांत सापडेल, पण तिथली डोरोथी सीट ही दगडी बैठक २०२४ च्या ऑगस्टमध्ये दरडीत कोसळली. त्या वाटेने निघण्याआधी हॉटेलवर आणि टॅक्सीवाल्याकडे रस्त्याची ताजी स्थिती विचारून घ्या.